एक्सेलमधलं ‘मेडिकल : यस’ – फॅमिली घेऊन फॉरेनला जाताना आजारपणाचा हिशोब कसा मांडायचा

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, "ताई, एक शीट पाठवलीये, जरा बघ ना." हातात दोन ऑफर, एक लंडनची आणि एक मी राहते त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टची, आणि तिसरी दुबईची येऊ घातलेली. पोरगा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे एक्सेल एकदम चकाचक. पगार, टॅक्स, घरभाडं, शाळा, इंडियन ग्रोसरी घरापासून किती किलोमीटर, एवढंच काय भेंडीचा भावसुद्धा होता. आणि खालून दुसऱ्या ओळीत ‘मेडिकल’, तिन्ही कॉलममध्ये एकच शब्द, ‘यस’.

आता या घरात माणसं कोण? तो स्वतः, बायको, आठ वर्षांची मुलगी जिला दमा आहे आणि दप्तरात पंप असतो, दोन वर्षांचा मुलगा, आणि आमची मामी, वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही. पाच माणसं, तीन देश, आणि उत्तर फक्त ‘यस’.

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली आणि ज्यांचं न्यू जर्सी ठरल्यात जमा होतं ते एकदम जर्मनी, यूके, कॅनडा असं शोधायला लागले. त्याआधीच २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असं जाहीर केलं होतं. म्हणजे ज्या देशाबद्दल चुलत-मावस कोणाकडूनच काही ऐकलेलं नाही अशा ठिकाणी लोक बायकापोरांसकट निघालेत, आणि ‘तिथलं मेडिकल कसंय’ म्हणून विचारलं की उत्तर येतं ‘फ्री आहे’ नाहीतर ‘लय महाग आहे’. दोन्ही अर्धवट.

## आधी आपलीच सवय बघू

पुण्यात पोराला ताप आला की आपण काय करतो? डॉक्टरांना व्हॉट्सॲप. संध्याकाळी क्लिनिक, पाचशे-सातशे रुपये. लॅबवाला सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो, दुपारपर्यंत पीडीएफ मोबाईलवर. गुडघा दुखला तर थेट ऑर्थो, डोकं दुखलं तर थेट न्यूरो, मध्ये कोणाची चिठ्ठी लागत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की ही पण एक सिस्टीम आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण आहे, आणि तिचं नाव रोख. ज्याच्या खिशात पैसे त्याला डॉक्टर आज, ज्याच्याकडे नाहीत तो सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत.

सरकारी हिशोबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरलेला होता. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे कमी झालाय, पण तरी शंभरातले चाळीस रुपये आपण काउंटरवर मोजतोच. पटकन अपॉइंटमेंट मिळते ती आपण हे मोजतो म्हणून. बाहेर गेल्यावर सगळ्यात मोठा धक्का बसतो तो इथे, कारण तिथे पैसे असूनही रांग चुकत नाही किंवा रांग नसते पण बिल बघून घाम फुटतो.

## पंगत, मेस आणि हॉटेल

मी मामेभावाला जे सांगितलं तेच इथे सांगते. कुठल्याही देशात गेलात तरी तीन प्रश्न विचारायचे. पैसे कोण भरतं, कधी भरतं, आणि डॉक्टरच्या दारात उभा राहून ‘तू आत जा, तू थांब’ हे कोण ठरवतं.

इंग्लंडची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ही पंगत. ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. बहुतेक हॉस्पिटलं सरकारची, पैसा करातून. पानावर बसल्यावर कोणी पैसे मागत नाही, गरीब-श्रीमंत एकाच ओळीत. पण पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, आणि आधी कोणाला वाढायचं हे वाढपी ठरवतो.

जर्मनी म्हणजे मेस. बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये कायदा झाला तिथपासून चालू आहे. कूपन घ्यावंच लागतं, पण त्याची किंमत तुम्ही किती जेवता यावर नाही, तुमचा पगार किती यावर ठरते, आणि अर्धे पैसे मालक भरतो. मेस चालवणाऱ्या संस्था नव्वदच्या आसपास आहेत, त्यांना क्रांकनकासे म्हणतात, जेवण जवळपास सगळीकडे तेच. हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही खरं तर, कारखान्यातल्या कामगारांची आपली ईएसआय ही विमा योजना १९५२ पासून याच तत्त्वावर चालते, फक्त आपल्याकडे २१ हजारांच्या वर पगार गेला की माणूस बाहेर.

अमेरिका म्हणजे हॉटेल. जेवण झकास, मेन्यू कार्ड जाडजूड, पण त्यावर भाव छापलेले नाहीत. बिल तीन आठवड्यांनी घरी येतं आणि शेजारच्या टेबलावर तीच थाळी खाल्लेल्या माणसाचं बिल वेगळं असतं कारण त्याचं कार्ड वेगळ्या कंपनीचं.

कॅनडाचं या सगळ्यांच्या अधलंमधलं. तशी पंगतच, पण आचारी सरकारचे नोकर नाहीत, डॉक्टर बहुतेक स्वतःची प्रॅक्टिस करतात आणि बिल प्रांताच्या सरकारला पाठवतात. आणि लोणचं-पापड ज्याचं त्याने आणायचं, म्हणजे घरी घ्यायची औषधं, दात, चष्मा हे बऱ्याच जणांना त्यात मिळत नाही, त्यासाठी कंपनीचा वेगळा इन्शुरन्स लागतो.

## चार शब्द पाठ करा, बाकी सोडा

प्रीमियम म्हणजे आजारी पडा न पडा, दर महिन्याला जाणारा हप्ता. डिडक्टिबल म्हणजे वर्षातले पहिले अमुक इतके पैसे तुमचे, इन्शुरन्स त्यानंतर जागा होतो. को-पे म्हणजे दर भेटीला किंवा दर औषधाला भरायची छोटी रक्कम. आणि जीपी म्हणजे आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरसारखा डॉक्टर, ज्याच्या चिठ्ठीशिवाय यूकेसारख्या देशांत पुढच्या स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. बास, एवढ्यावर ऑफर लेटर वाचता येतं.

## यूके : पान मांडायच्या आधीच पैसे

"ताई, यूकेत तर फ्रीच आहे ना?" हा भावाचा पहिला प्रश्न. फ्री नाहीये, आपल्यासारख्यांना तर अजिबातच नाही.

व्हिसा अर्जाबरोबरच हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आणि १८ च्या आतल्या मुलांना ७७६. आणि हे वर्षावर्षाने नाही, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकदम आगाऊ. त्याचा तीन वर्षांचा व्हिसा, नवरा-बायको आणि दोन मुलं, मांडा हिशोब. मोठ्यांचे ६,२१०, मुलांचे ४,६५६, एकूण १०,८६६ पाउंड. रुपयात बारा लाखांच्या वर, विमानाचं तिकीट काढायच्या आधी. व्हिसा नाकारला तर परत मिळतात. पण मिळाला की तुमच्या पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स वेगळं कापलं जातं ते जातंच. हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्या नर्स, डॉक्टर यांना हा सरचार्ज माफ आहे. काही कंपन्या भरतात, काही फक्त नोकरदाराचा भरतात आणि फॅमिलीचा नाही, म्हणून एचआरला हा प्रश्न मेलवर विचारायचा, फोनवर नाही.

हे भरलं की मात्र पंगत खरोखर सगळ्यांना सारखी. डिलिव्हरी, ऑपरेशन, आयसीयू, बिल नाही. इंग्लंडमध्ये मोठ्यांना प्रिस्क्रिप्शनच्या दर औषधामागे ९.९० पाउंड, १६ च्या आतल्या मुलांना शून्य, आणि स्कॉटलंड, वेल्समध्ये तर सगळ्यांनाच शून्य. भावाच्या मुलीचा दम्याचा पंप म्हणजे तिथे फुकट. हे त्या शीटमध्ये कुठे होतं?

## "पण तिथे महिनोन्महिने थांबावं लागतं म्हणे"

खरं आहे. इंग्लंडमध्ये नियम असा की जीपीने पुढे पाठवल्यापासून १८ आठवड्यांच्या आत १०० पैकी ९२ जणांचे उपचार सुरू व्हायला हवेत, आणि हे लक्ष्य २०१६ नंतर गाठलेलं नाही. वेटिंग लिस्टवर सत्तर लाखांच्या वर नोंदी आहेत.

पण रांग सगळ्यांना सारखी नसते, हे भारतात बसून कळत नाही. वाढपी कोणाला आधी वाढतो? ज्याचा जीव जाईल त्याला. छातीत दुखतंय तर ताबडतोब. कॅन्सरची शंका असेल तर २८ दिवसांत हो की नाही ते सांगायचं असा वेगळा नियम आहे. थांबतो तो कोण? गुडघा बदलायचाय, हर्निया आहे, मोतीबिंदू आहे, असा माणूस. दुखतंय खरं, झोप लागत नाही, पण मरत नाही, त्याला थांबवतात. चाळिशीच्या आतल्या घराला हे चालून जातं. ज्याला दर दोन महिन्यांनी स्पेशालिस्ट लागतो त्याला त्रासदायक आहे. म्हणून ‘एनएचएस चांगली की वाईट’ या वादात मी पडतच नाही, तुमच्या घरात दुखणं कुठल्या जातीचं आहे ते आधी सांगा.

## जर्मनी : मी जिथे पोळले आणि निवले

आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात शुक्रवारी रात्री ताप. थर्मामीटर इथला, सेल्सिअसमधला, ३९.५ दाखवतोय आणि मला तो आकडा किती घाबरायचा आहे तेच कळेना. नवऱ्याने मोबाईलवर काढलं, १०३. ११२ हा खऱ्या इमर्जन्सीचा नंबर, आणि इमर्जन्सी नाही पण सोमवारपर्यंत थांबता येत नाही अशासाठी ११६११७. तिथून आम्हाला लहान मुलांच्या रात्रपाळीच्या क्लिनिकला पाठवलं. दीड तास बसलो. डॉक्टरीण बाईंनी कान बघितले, घसा बघितला, छाती नीट ऐकली, घाई अजिबात नाही, आणि म्हणाल्या, पाणी पाजा, झोपू द्या, पोटऱ्यांना ओल्या पट्ट्या गुंडाळा, तीन दिवसांत उतरला नाही तर परत या. अँटिबायोटिक नाही, रक्त तपासणी नाही. कार्ड दाखवलं, पैसे शून्य.

मी चिडून आईला व्हिडिओ कॉल केला. आई सगळं ऐकून म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन डॉक्टरने हेच सांगितलं? मी पण मिठाच्या पाण्याच्या पट्ट्याच ठेवायचे की तुझ्या कपाळावर." रविवारी ताप उतरला.

त्या रात्री मला वाटलं होतं आपल्याला परके म्हणून कटवलं. नंतर कळलं की सगळ्यांना असंच सांगतात. इथे डॉक्टरला पैसे मेसकडून मिळतात, तुम्ही काउंटरवर देत नाही, त्यामुळे तुम्हाला खूश करायला हातात काहीतरी ठेवलंच पाहिजे असं त्याला नसतं. आपल्याला मात्र चिठ्ठीवर तीन औषधं नसली तर डॉक्टरने काही केलंच नाही असं वाटतं.

आता पैशाचं. सरकारी मेसचा हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या त्या संस्थेचा जादा भाग, जो २०२५ मध्ये सरासरी २.५ टक्के धरला होता. निम्मं कंपनी भरते. आणि एका मर्यादेनंतर पगार वाढला तरी हप्ता वाढत नाही, २०२५ ला ती मर्यादा महिन्याला ५,५१२.५० युरो होती, म्हणजे जास्तीत जास्त ९४० च्या आसपास, त्यातले ४७० तुमचे. म्हातारपणी सांभाळ लागला तर त्यासाठीचा केअर इन्शुरन्स वेगळा कापतात. आकडे दर जानेवारीला हलतात, पण गणित हेच राहतं.

यातली खरी मजा फॅमिलीत आहे. बायको किंवा नवरा कमावत नसेल तर तो आणि मुलं त्याच हप्त्यात, एक युरोही जादा नाही. एक मूल असो की चार. आधीचा आजार काय हे कोणी विचारत नाही. हॉस्पिटलमध्ये राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. औषधाला ५ ते १० युरो, १८ च्या आतल्यांना काही नाही. आजारी पडून सुट्टी घेतली तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि नंतर कासे पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत देते. भावाच्या शीटमध्ये सुट्टीच्या ओळीत ‘३० दिवस’ लिहिलं होतं, हे नव्हतंच.

मग पोळले कुठे? डॉक्टर मिळण्यात. कार्ड आहे, पण बालरोगतज्ज्ञाला फोन केला की ‘नवीन पेशंट घेत नाही’. मी नऊ ठिकाणी फोन केले, दहाव्या ठिकाणी हो म्हणाले, ते पण शेजारणीने तिचं नाव सांगा म्हटलं म्हणून. स्किनच्या डॉक्टरची तारीख चार महिन्यांनी मिळाली. त्यामुळे इथे येणाऱ्याला मी सांगते, घर शोधाल तसा डॉक्टर शोधा, आजारी पडायच्या आधी.

## प्रायव्हेटचा गोड सापळा

जर्मनीत पगार एका आकड्याच्या वर गेला, २०२५ साठी वर्षाला ७३,८०० युरो, की सरकारी मेस सोडून प्रायव्हेट इन्शुरन्स घेता येतो. आणि आपली आयटीची पोरं नेमकी त्या आकड्याच्या आसपास असतात. एजंट लगेच येतो. तुम्ही तिशीतले, धडधाकट, हप्ता सरकारीपेक्षा कमी, स्पेशालिस्टची तारीख पुढच्या आठवड्यात, सिंगल रूम. कोण नाही म्हणेल?

पण तिथे हप्ता पगारावर नाही, वय आणि तब्येतीवर. आणि डोईगणिक. बायकोचा वेगळा, पोरांचा वेगळा. दमा असलेली मुलगी म्हटल्यावर फॉर्म भरतानाच कपाळाला आठ्या. शिवाय बहुतेक वेळा बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग मागायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पन्नाशीनंतर हप्ता चढत गेला आणि परत सरकारीत यावंसं वाटलं तर ५५ नंतर दार जवळपास बंद. एकटा माणूस, चार-पाच वर्षं राहून परत जाणार, त्याने विचार करायला हरकत नाही. पोराबाळांचा संसार असेल तर मी तरी सरकारीतच राहा म्हणेन.

## अमेरिका : ‘हे बिल नाही’

माझी कॉलेजची मैत्रीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, दुसऱ्या दिवशी पोरगा घरी. मग टपाल सुरू. पहिल्या पाकिटात आकड्यांचा तक्ता आणि वर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’. ते इन्शुरन्स कंपनीचं पत्र, हॉस्पिटलने किती मागितले, आम्ही किती मान्य केले, तुमच्यावर किती येतात. मग हॉस्पिटलचं बिल. मग भूल देणाऱ्याचं वेगळं. मग एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, ज्याचं तोंडही हिने बघितलं नव्हतं. तिने फ्रिजवर फाईल लावली, म्हणाली लग्नाच्या आहेराची यादी सांभाळली नव्हती एवढी ही सांभाळतेय.

गणित सोपं करून सांगते. समजा मान्य झालेलं बिल ६,००० डॉलर, तुमचं डिडक्टिबल २,०००, आणि त्यापुढच्या खर्चात तुमचा वाटा २० टक्के. आधी २,००० तुमचे. उरलेल्या ४,००० चे २० टक्के म्हणजे ८००. एकूण २,८००, आणि हे दर महिन्याचा प्रीमियम भरून झाल्यावर. वर्षाचा कमाल खर्च कायद्याने बांधलेला आहे, २०२५ साठी एकट्याला ९,२०० आणि फॅमिलीला १८,४०० डॉलर, पण हे नेटवर्कमधल्या डॉक्टरांपुरतं, म्हणजे ज्यांचा तुमच्या इन्शुरन्सशी करार आहे त्यांच्यापुरतं. आणि बहुतेक प्लॅनचं मीटर १ जानेवारीला शून्यावर येतं. डिसेंबरअखेरची तारीख असलेल्या बाळंतिणीचा नवरा तिथे कॅलेंडर घेऊन बसतो ते उगाच नाही.

"पण कंपनीचा इन्शुरन्स चांगला असतो ना?" असतो. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली इन्शुरन्सचा सरासरी प्रीमियम वर्षाला २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याने भरले सरासरी ६,२९६. बाकी कंपनीने. म्हणजे नोकरी गेली की काय जातं ते बघा. कोब्रा नावाच्या सोयीने तोच इन्शुरन्स साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण मग सगळा प्रीमियम तुमचा, महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे, आणि त्याच वेळी एच-वन-बीवाल्याला ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधायचीये. जर्मनीत-यूकेत नोकरी जाण्याची भीती आहेच, पण नोकरी आणि डॉक्टर एकाच दिवशी जात नाहीत.

अमेरिकेची बाजूही सांगते, नाहीतर मैत्रीण रागवेल. चांगला इन्शुरन्स असेल तर स्पेशालिस्ट लवकर मिळतो, दुर्मिळ आजारांवर जे तिथे मिळतं ते बऱ्याच ठिकाणी नाही.

## दुबई आणि बाकीचे, पटापट

दुबईत २०१३ च्या कायद्याने इन्शुरन्स सक्तीचा आहे, पण कंपनीवर सक्ती नोकरदारापुरती. बायकोमुलांचा काढायची जबाबदारी त्यांना स्पॉन्सर करणाऱ्याची, म्हणजे आपल्या भावाची. अबू धाबीत मात्र कंपनीने बायको आणि १८ च्या आतल्या तीन मुलांपर्यंतचा द्यायचा असतो. एकाच देशात गाडीने दीड तासावर नियम वेगळा. डॉक्टर पटकन मिळतात, निम्मे आपल्याच बाजूचे असतात, वागणं पुण्यासारखंच वाटतं. पॉलिसीत आधीच्या आजाराचं आणि बाळंतपणाचं कलम मात्र भिंग लावून वाचायचं. आणि बॅगेत औषधं भरताना जपून, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं तिथे परवानगीशिवाय नेता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या काही खोकल्याच्या बाटल्यांत कोडीन असतं.

नेदरलँड्समध्ये १८ च्या आतल्यांना हप्ता नाही, मोठ्यांना वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतःचे, आणि जीपीकडे काहीही घेऊन जा, पॅरासिटामॉल घ्या म्हणतो असा तिथल्या समस्त देसी मंडळींचा विनोद आहे. पण बाळंतपणानंतर आठवडाभर शिकलेली बाई घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं बघते, हे इतर कुठे ऐकलं नाही मी. कॅनडात ऑन्टॅरिओने आल्यानंतरची तीन महिन्यांची वाट २०२० मध्ये काढून टाकली, ब्रिटिश कोलंबियात ती अजून आहे, तेवढ्या काळाचा खाजगी इन्शुरन्स घेऊनच उतरायचं. ऑस्ट्रेलियात टेम्पररी वर्क व्हिसावरच्या भारतीयाला सरकारी मेडिकेअर मिळत नाही, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, झाल्यावर मिळतं.

## "वर्षातून एकदा येतोच की, तेव्हा करून घेऊ"

हे सगळेच म्हणतात आणि दातांपुरतं मीही करते. रूट कॅनल, चष्मा, एकदा सगळ्या रक्ताच्या तपासण्या, तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसतं ते सगळं. पण ताप, फ्रॅक्चर, गरोदरपण, दम्याचा अटॅक सुट्टीची वाट बघत नाही. आणि भारतातल्या रिपोर्टवर परदेशातला डॉक्टर विश्वास ठेवेलच असं नाही, बऱ्याचदा तीच तपासणी परत करतात. औषधाच्या ब्रँडचं नावही चालत नाही, डोलो म्हटलं तर फार्मसीतली बाई नुसती बघत राहते. आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या, आणि अमेरिकेत तर पॅरासिटामॉललासुद्धा ॲसिटामिनोफेन म्हणतात.

मुलांचं लसीकरणाचं पुस्तक हरवू देऊ नका. जर्मनीत २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पाळणाघरात घेत नाहीत, शाळाही तो मागते. आमच्या सोसायटीतल्या एकीचं पुस्तक नाशिकला कपाटात राहिलं होतं आणि तिच्या सासूबाईंनी त्याच्या पानापानाचा फोटो पाठवला, प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा.

## मामीचं काय

इथवर भाऊ व्यवस्थित लिहून घेत होता. मग मी म्हटलं, आता मामीची ओळ भर. गप्प.

वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या सिस्टीम नवरा-बायको-मुलं एवढ्यालाच फॅमिली म्हणतात. आईबाप त्यात बसत नाहीत. यूकेत ती व्हिजिटर म्हणून आली आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर एनएचएस तिच्याकडून ठरलेल्या दराच्या दीडपट घेते. जर्मनीत १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परमिट मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणता येतात, पण त्यांचा पूर्ण हेल्थ इन्शुरन्स दाखवावा लागतो, तुमच्या कार्डावर ते येत नाहीत, आणि ६८ वर्षांच्या डायबेटिक बाईला नव्याने पॉलिसी कोण आणि कितीला देणार तिथे गाडी अडते. नुसतं तीन महिने भेटीला येणार असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी, बीपीच्या गोळ्यांसाठी नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर लागतं. अमेरिकेत ६५ च्या वरच्या आईला ग्रीन कार्ड मिळालं तरी सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी इन्शुरन्स, विकतही घेता येत नाही.

म्हणजे बहुतेक घरांत आई पुण्यातच राहणार आणि ये-जा करणार. मग तिचा भारतातला इन्शुरन्स काय आहे? भाऊ म्हणाला, "आहे ना, माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे ती." आणि राजीनामा दिल्यावर? परत गप्प.

खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती आम्ही. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. त्याच इन्शुरन्स कंपनीकडे आईला स्वतंत्र पॉलिसीत न्यायची सोय असते, आधी काढलेल्या वर्षांचा फायदाही त्यात धरतात, पण ते नोकरी सोडायच्या आधी लेखी मागावं लागतं. ते राहिलं आणि सहा महिन्यांनी नवी पॉलिसी काढायला गेलात तर शुगर-बीपी ‘आधीचे आजार’ धरले जातात आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं, ही मर्यादा २०२४ मध्येच चारवरून तीनवर आणलीये. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांचं कव्हर मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. मामीला सत्तर व्हायला दोन वर्षं आहेत.

त्याने सोमवारी राजीनाम्याचा मेल टाकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, लंडन की श्टुटगार्ट ते रात्री बायकोशी बोलून ठरव, सोमवारी आधी एचआरला मामीच्या पॉलिसीचा मेल जाऊ दे. दुपारी मेसेज आला, एचआरने फॉर्म पाठवलाय, मामीचे गेल्या तीन वर्षांचे रिपोर्ट मागितलेत, आणि मामी म्हणतेय की ते सगळे तिने फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत पण डबा नक्की कुठला ते आठवत नाहीये.